पलंग, बाज आणि झोपेचा हक्क

लग्नसराई आली की दारव्ह्याच्या बाजारात दिवाण, गादी, आलमारी आणि कूलरची खरेदी जोरात सुरू होते. आंदणात डबल बेड दिला नाही तर चार लोकांत कमीपणा येईल, या धाकाने कितीतरी बाप हप्त्यावर पलंग घेतात. पलंग मुलीच्या सासरी जातो आणि हप्ता बापाच्या उशाशी राहतो. आपल्या घरांत पलंगावरचा खर्च वाढला, पण झोपेची समज त्या मानाने वाढली नाही, असे आम्हाला वाटते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर झोपेविषयी.

झोप म्हणजे आळस, हे आपल्या मनावर फार जुन्या काळापासून ठसवले गेले आहे. गावाच्या वेशीवर रात्रीची राखण करणारा येसकर आपल्याच वस्तीतला असे. महार वतनाचे काम ठरावीक तासांचे नव्हते. हाक आली की रात्री-अपरात्री उठून जावे लागे. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा वतनदाराला चोवीस तास कामाला बांधून ठेवणे हा त्यांचा एक मोठा आक्षेप होता. दुसऱ्यापुढे बाजेवर बसण्याचीही ज्यांना मुभा नव्हती, त्यांच्या नातवंडांनी तरी स्वतःच्या झोपेला चैन समजू नये.

तथागतांनी झोपेला कधी तुच्छ लेखले नाही. अंगुत्तर निकायात आळवीच्या हत्थकाचा प्रसंग आहे. हिवाळ्याची रात्र, गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली जमीन आणि तिच्यावर पानांचे पातळ अंथरूण. रात्री झोप सुखाची लागली का, असे हत्थकाने विचारले, तेव्हा सुखाने झोपणाऱ्यांपैकी मी एक आहे, असे भगवंतांनी सांगितले. मऊ गादीवर पडलेल्या माणसाच्या मनात लोभ, द्वेष आणि मोह जळत असतील तर त्याला झोप कुठली, हा त्यांचा प्रतिप्रश्न होता. मैत्रीभावनेचे जे अकरा लाभ सांगितले आहेत, त्यांत सुखाची झोप पहिली येते.

पौर्णिमेला अष्टशील घेणारे उपासक-उपासिका उंच व ऐषारामी शय्या टाळतात. हा नियम डामडौलाविरुद्ध आहे, प्रकृतीविरुद्ध नाही. आजारी भिक्खूंसाठी विनयातही सवलती आहेत. गुडघे धरलेल्या आजीने शील पाळण्यासाठी थंड फरशीवर पडून सकाळी भिंतीला धरून उठण्याची गरज नाही. साधी, बेताच्या उंचीची बाज तिला चालेल.

आता अंथरुणाकडे वळू. पाठ दुखत असेल तर फळीवर झोपा, हा सल्ला घरोघरी मिळतो. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या 313 रुग्णांवर केलेला अभ्यास 2003 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचे दुखणे जास्त कमी झाले. गादी घेताना दुकानात हाताने दाबून पाहू नका. तिच्यावर दहा मिनिटे कुशीवर पडा. खांदा आणि कंबर थोडी रुतावी, पण पाठीचा कणा सरळ राहावा. उशी कान आणि खांदा यांच्यामधली जागा भरेल एवढीच जाड हवी. पलंगावर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत.

हे साधायला महागडी गादीच लागते असे नाही. आपला भाग कापसाचा आहे. गाठी झालेली कापसाची गादी पिंजून पुन्हा भरून घेतली की अनेक वर्षे चालते. झोळीसारखी खोल गेलेली बाज मात्र कंबरेला वाईट. तिची दोरी किंवा नवार ताणून घ्या. उन्हाळ्यात गादीला कडक ऊन दाखवा आणि सांध्यांत ढेकूण आहेत का ते पाहा.

पावसाळ्यात अंथरुणाचा प्रश्न जीवावरचा होतो. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. त्याचा चावा बहुधा दुखत नाही, खूणही दिसेलच असे नाही. पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळायला त्रास होणे ही लक्षणे पहाटे दिसली तर झाडफूक करत बसू नका, लगेच सरकारी रुग्णालय गाठा. नेपाळच्या तराईत झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी होतात असे आढळले. मच्छरदाणीची कड चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली हवी. घरात पैसे थोडे असतील तर आधी बाज आणि मच्छरदाणी घ्या, दिवाण नंतर. आणि घरात एकच पलंग असेल तर तो कोणाला मिळतो, हेही पाहा. बहुतेक घरी सर्वांत शेवटी झोपून सर्वांत आधी उठणारी बाई खाली असते.

काही तक्रारी मात्र कितीही चांगल्या गादीने जात नाहीत.

मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे, गुदमरून जागे होणे आणि दिवसा बसल्या-बसल्या डुलकी लागणे हा श्वासमार्ग अडण्याचा आजार असू शकतो. त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि गाडी चालवताना डोळा लागून अपघात होतात. घोरणारा गाढ झोपतो, हा समज चुकीचा आहे. विदर्भात सिकलसेल आपल्या समाजातही बराच आहे. असे मूल घोरत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, कारण झोपेत ऑक्सिजन कमी होणे त्याला जास्त बाधते.

रात्री पायांत ओढ लागते, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, अशी तक्रार अनेक बायका करतात. त्यामागे लोहाची कमतरता असू शकते, म्हणून रक्त तपासून घ्या. सिकलसेल असलेल्यांनी लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागत असेल तर साखर तपासा.

आठवड्यातून तीन रात्री झोप लागत नाही किंवा टिकत नाही आणि हे तीन महिने चालले आहे, तर तो निद्रानाश समजावा. त्यावर दुकानातून अल्प्राझोलामसारखी गोळी आणून घेणे धोक्याचे आहे, तिची सवय लागते. आधीपासून चालू असेल तर एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करा. दारूने डोळा लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते. रोज एकाच वेळी उठणे, दुपारनंतर चहा टाळणे, मोबाईल अंथरुणाबाहेर ठेवणे आणि झोप येत नसेल तर उठून बसणे, हे उपाय जास्त टिकतात. पहाटे तीनला जाग येते, मनात कर्जाचा हिशेब सुरू होतो आणि जगणे नकोसे वाटते, अशा माणसाला एकटे सोडू नका. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. आपल्या जिल्ह्याने शेतकरी आत्महत्यांचे दुःख इतके पाहिले आहे की ही खूण आपल्याला ओळखता आलीच पाहिजे.

स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींसाठीही दोन शब्द. जयंतीनिमित्त होणारा अठरा तास अभ्यासाचा उपक्रम ही बाबासाहेबांना एका दिवसाची आदरांजली आहे, तिला रोजचे वेळापत्रक करू नका. अखेरच्या वर्षांत मधुमेह आणि मज्जातंतूंच्या दुखण्याने बाबासाहेबांना किती छळले, तेही आपण वाचले आहे. वाचलेले मेंदूत पक्के होते ते झोपेत. प्रौढांना किमान सात तास आणि किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप लागते.

ज्यांची झोप व्यवस्थेनेच हिरावली आहे, त्यांना नुसता उपदेश करून चालणार नाही. कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी शेतकरी आणि मजूर थंडीत, अंधारात, सापाच्या भीतीत जागतात. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. आपल्या गावच्या फीडरचे काय झाले, हा प्रश्न ग्रामसभेत विचारा. झोपेचा हक्क तिथेही मागावा लागतो.

वर्षावासात विहाराविहारांत ग्रंथवाचन होते. त्यातली एक पौर्णिमा आपण आरोग्यासाठी ठेवावी, अशी आमची सूचना आहे. रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिनची तपासणी व्हावी आणि प्रत्येकाला तीन गोष्टी विचाराव्यात: किती तास झोपता, घोरता का, कशावर झोपता? आणि लग्न ठरवायला बसाल तेव्हा मुलाकडच्यांनीच आधी सांगावे की आम्हाला पलंग नको.