उत्पादक कंपनीचें दप्तर कोणाच्या हातीं?

शेतकऱ्यानें नुसतें पिकवून थांबूं नये, विकावयासहि शिकावें, हा उपदेश आपल्याकडे जुनाच आहे. त्या उपदेशास कायद्याचें नवें अंग मिळालें तें २००२ सालीं. अर्थशास्त्रज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशीवरून कंपनी कायद्यांत दुरुस्ती झाली आणि उत्पादक कंपनी हा प्रकार अस्तित्वांत आला. सहकारी संस्थेचा आत्मा व कंपनीचें शरीर अशी ही योजना आहे. दहा उत्पादक एकत्र आले तरी कंपनी नोंदतां येते. व्यक्ति सभासद असलेल्या कंपनींत भाग कितीहि असोत, मत एकच. आणि भागांवर मर्यादित परतावा देऊन उरलेल्या शिलकेंतून जो बोनस वांटावयाचा, तो ज्यानें जितका माल कंपनीकडे घातला त्या मानानें. २०२० च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभ्या करण्याची योजना काढल्यानंतर तर अशा कंपन्यांच्या पाट्या आडगांवींहि दिसूं लागल्या.

या कंपन्यांच्या संचालकांसाठीं जीं शिबिरें भरतात त्यांत बहुधा तीन विषयांवर व्याख्यानें होतात : मोबाईल व संगणक यांचा उपयोग, व्यापारी जगांत ओळखी वाढविणें, आणि पुढारीपण. विषय तिन्ही योग्य आहेत. परंतु ज्या एका गोष्टीनें ते परस्परांशीं बांधले जातात ती गोष्ट, म्हणजे कंपनीचें दप्तर, बाजूसच राहते. यंत्र कितीहि उत्तम असो, त्यांतील नोंद जोंपर्यंत प्रत्येक सभासदाच्या नजरेस पडत नाहीं तोंपर्यंत कंपनीचें बळ वाढत नाहीं. वाढतें तें ज्याच्या खिशांत तें यंत्र आहे त्याचें. हें आमचें मत कांहीं वाचकांस कडू वाटेल. त्याचीं कारणें पुढें देत आहों.

या बाबतींत आपल्याच मुलखांतील एक प्रयोग लक्षांत घेण्याजोगा आहे. वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या भोंवतालीं, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गांवांत, १९९८ सालीं संगणक बसविण्याची योजना सुरू झाली. हेतु मोठे होते. पिकांविषयीं सल्ला, बाजारभाव, सरकारी कामकाजाची माहिती, शिक्षण, हें सर्व गांवांतल्या गांवांत मिळावें अशी कल्पना होती. कांहीं वर्षांनीं पाहणी करणारांस असें आढळलें कीं, केंद्रें चालतात तीं मुख्यतः उसाच्या कामासाठींच. सभासद तेथें येतो तो आपल्या उसाचें वजन, तोडीची चिठ्ठी, खताची उचल आणि बिलाची रक्कम यांसाठीं. पुढें २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं सात गांवांत संगणकाच्या जागीं साधा मोबाईल योजून लघुसंदेशांच्या द्वारें हेंच काम करून दाखविलें, आणि तें पुष्कळ कमी खर्चांत झालें. कित्येकांनीं यावरून मूळ योजना फसली असा निष्कर्ष काढला. आम्हांस तसें वाटत नाहीं. शेतकऱ्यानें शंभर सोयींतून नेमकी तीच उचलली जिच्यामुळें त्याच्या मनांतील नित्याचा संशय फिटत होता : काट्यावर माझें वजन किती भरलें आणि त्याचे पैसे किती झाले? उत्पादक कंपनीनें आपल्या यंत्रसामग्रीचा आरंभ येथूनच करावा.

म्हणजे पहिला खर्च ॲपवर नव्हे, काट्यावर. वजनाची पावती अनुक्रमांकासह निघावी, आणि त्याच दिवशीं सभासदाच्या मोबाईलवर वजन, ओलावा, घट व दर यांचा संदेश जावा. ओलावा मोजण्याचें यंत्र आणि चाळणी या दोन वस्तूंइतका लाभ देणारें दुसरें साधन सोयाबीन पिकविणाऱ्या कंपनीस क्वचितच मिळेल. हमीभावाच्या खरेदींत सोयाबीनला बारा टक्के ओलाव्याची अट असे. २०२४ च्या खरिपांत ती पंधरापर्यंत शिथिल करावी लागली, यावरूनच त्या अटीपायीं किती गाड्या परत फिरत असतील याची कल्पना यावी. घरीं मोजून, वाळवून, मगच माल बाहेर काढणारा शेतकरी आणि बाजारांत गेल्यावर दुसऱ्याच्या यंत्रावर आपला ओलावा ऐकणारा शेतकरी, यांच्या बोलण्यांतच फरक पडतो.

मोबाईलवर दिसणारा बाजारभाव ही उपयुक्त गोष्ट खरी. पण लातूरचा भाव म्हणजे आपल्या मालाचा भाव नव्हे. तो कोणत्या प्रतीचा, किती आवकेंतला, वाहतूक वजा जातां किती, हें ज्यास सांगतां येत नाहीं त्यास भाव कळून केवळ हळहळ पदरीं पडते. १४ एप्रिल २०१६ रोजीं सुरू झालेल्या ई-नाम या राष्ट्रीय बाजाराशीं देशांतील तेराशेंहून अधिक बाजार समित्या जोडल्या गेल्या आहेत. दूरच्या व्यापाऱ्यास तेथें बोली लावतां येते. परंतु ज्या ढिगाऱ्याची प्रत कोणीं विश्वासानें तपासलेली नाहीं, त्यावर दोनशें कोसांवरचा माणूस पैसे कां लावील? म्हणून बोली पुष्कळदां त्याच आवारांतल्या ओळखीच्या मंडळींची राहते, आणि शेतकरी म्हणतो कीं यंत्र आलें तरी आडत्या तोच. दोष यंत्राचा नसून प्रतवारीच्या अभावाचा आहे.

प्रतवारी व नोंद यांची शिस्त आधीं असली म्हणजे यंत्र काय करूं शकतें याचा दाखला नाशिक व सांगली भागांतील द्राक्षबागायतदारांनीं घालून दिला आहे. युरोपांत जाणाऱ्या द्राक्षांसाठीं अपेडा या सरकारी संस्थेनें २००६ सालीं ग्रेपनेट ही पद्धति सुरू केली. बागेची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल व दाखले एका माळेंत ओंवले गेले, आणि परदेशांतील पेटीवरून बाग शोधून काढतां येऊं लागली. तरी याच पद्धतीनें २०१० सालीं दुसरा धडाहि दिला. त्या हंगामांत युरोपांत आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश सांपडला, माल अडकला व निर्यातदार आणि बागायतदार दोघांसहि मोठी झळ लागली. तो पदार्थ तेव्हां तपासणीच्या यादींतच नव्हता. यंत्र विचारलें तेवढेंच सांगतें. काय विचारावें हें ठरविणें माणसाचें काम आहे, आणि बागेंत फवारणी करणाऱ्याची वही त्यासाठीं खरी असावी लागते.

आतां दप्तराच्या मालकीकडे वळूं. पूर्वीं संस्थेच्या धनादेशावर दोघांच्या सह्या लागत. तिजोरीच्या किल्ल्याहि दोन असत. हा संशय नव्हता, रीत होती. हल्लीं असें दिसतें कीं, बँकेचा ओटीपी अध्यक्षांच्या मोबाईलवर येतो, जीएसटीचा पासवर्ड हिशेब लिहिणाऱ्या तरुणास ठाऊक असतो, संचालकाची संगणकीय सही शहरांतील सल्लागाराच्या खणांत पडून असते, आणि खरेदीदारांचे क्रमांक एकाच माणसाच्या फोनमध्यें असतात. अध्यक्ष आजारी पडले, तरुणास शहरांत नोकरी लागली, सल्लागाराशीं फीवरून बिनसलें, कीं तीनशें शेतकऱ्यांची कंपनी कुलूपबंद होते. तिकडे कायदा थांबत नाहीं. वार्षिक हिशेब व विवरण यांचीं पत्रकें वेळेवर न गेल्यास दर पत्रकामागें दररोज शंभर रुपये जादा फी चढते. ओळीनें तीन वर्षें पत्रकें न गेल्यास संचालक पांच वर्षें संचालकपदास अपात्र ठरतात. कंपनी काढतांना ज्यांनीं उत्साहानें सह्या केल्या त्यांपैकीं कितीकांस हें ठाऊक असतें? उपाय अवघड नाहीं. एकानें रक्कम भरावी व दुसऱ्यानें मंजूर करावी अशी सोय बँका संस्थांच्या खात्यांस देतात. ती मागून घ्यावी. कंपनीचा मोबाईल क्रमांक व ई-मेल कंपनीचेच असावेत, कोणा संचालकाचे नसावेत. पासवर्ड मोहोरबंद लखोट्यांत घालून दुसऱ्या संचालकाकडे ठेवावेत, आणि नोकर बदलला कीं त्याच दिवशीं बदलावेत.

व्हॉट्सॲपच्या समूहाविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे, कारण पुष्कळ कंपन्यांचा कारभार आतां तेथेंच चालतो. निरोप पोंचविण्यास हें साधन अत्युत्तम. परंतु निरोप म्हणजे ठराव नव्हे, आणि अंगठ्याचें चित्र म्हणजे मत नव्हे. ज्या वृद्ध सभासदाकडे साधा फोन आहे तो समूहांत नसतो. भाग पत्नीच्या नांवें आणि फोन पतीच्या हातीं, अशी स्थिति तर घरोघर आहे. अशा ठिकाणीं सभासद स्त्रीस कंपनीची वार्ता कळते ती पतीच्या मर्जीप्रमाणें. (सरकारी योजनांत स्त्री सभासदांची संख्या मोठ्या अभिमानानें दाखविली जाते, म्हणून हें मुद्दाम नमूद केलें.) जें समूहावर जाईल तें त्याच दिवशीं चावडीवरील फळ्यावर लागावें, आणि निर्णय मात्र सभेच्या इतिवृत्तांतच नोंदले जावेत.

ओळखी वाढविण्याच्या उपदेशांतहि एक गफलत आहे. अध्यक्ष चार प्रदर्शनें हिंडून पुणें-मुंबईच्या खरेदीदारांचीं कार्डें खिशांत घेऊन येतात, ही अध्यक्षांची ओळख झाली, कंपनीची नव्हे. खरेदीदार कोण, त्यास कोणती प्रत व कसलें पोतें लागतें, पैसे किती दिवसांनीं देतो, मागें कधीं माल नाकारला होता व कां, ही हकीकत एका वहींत उतरली म्हणजे ती कंपनीची होते. आणि खरेदीदारांइतकीच शेजारच्या कंपन्यांशीं ओळख हवी. एका कंपनीचा माल अर्धी मालमोटार भरतो. तिघींचा मिळून एकाच प्रतीच्या दोन गाड्या भरतात, आणि मग तेलगिरणीवाला फोन उचलतो. १९९१ सालीं द्राक्षोत्पादकांच्या सहकारी संस्थांनीं एकत्र येऊन महाग्रेप्स ही निर्यातीची संस्था उभी केली ती याच हिशेबानें. दुर्दैवानें हल्लीं शेजारच्या दोन कंपन्या बहुधा एकाच खतविक्रीच्या धंद्यांत परस्परांचें गिऱ्हाईक ओढीत असतात.

पुढारीपणाचा प्रश्न अखेर पैशाच्या हिशेबांत येऊन ठेपतो. समजा, तीनशें सभासदांनीं प्रत्येकीं वीस क्विंटल सोयाबीन कंपनीमार्फत विकलें. सहा हजार क्विंटल झाले. खर्च वजा जातां क्विंटलमागें पन्नास रुपये कंपनीस उरले तर वर्षाचे तीन लाख. व्यवस्थापकास महिना वीस हजार दिले तर त्यांतील दोन लाख चाळीस हजार गेले. उरलेल्या साठ हजारांत जागाभाडें, हिशेबतपासणी व इतर सर्व. आणि सभासदांनीं निम्मा माल जुन्या आडत्याकडे घातला तर व्यवस्थापकाचा पगारहि निघत नाहीं. वरील सरकारी योजनेंत व्यवस्थापनासाठीं तीन वर्षेंपर्यंत अठरा लाखांपर्यंत साह्य मिळतें, तोंपर्यंत ही उणीव झांकली जाते. चौथ्या वर्षीं ती उघडी पडते. कायद्यानें मुख्य कार्यकारी अधिकारी पूर्ण वेळेचा व सभासदांबाहेरचा नेमावयाचा आहे, तो उगीच नव्हे. व्यवस्थापक संचालकाचा पुतण्या असला म्हणजे त्यास चूक दाखविणें गांवांत कोणासहि जमत नाहीं.

सभासद माल कंपनीकडे कां घालीत नाहींत, याचें उत्तर देतांना पुढारी सभासदांच्या अज्ञानावर बोट ठेवतात. आमच्या मतें पुष्कळ ठिकाणीं उत्तर निराळें आहे. आडत्या पट्टी हातीं देतो व अडचणीस उचलहि देतो. कंपनी पट्टी देते पंधरा दिवसांनीं आणि त्यांतील कपात कशाची हें सांगत नाहीं. प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला त्या काळीं विठ्ठलराव विखे पाटील गांवोगांव फिरून भाग गोळा करीत होते, आणि अर्थशास्त्राचे गाढे पंडित धनंजयराव गाडगीळ अध्यक्षस्थानीं होते. शेतकऱ्याच्या दारीं जाणारा एक आणि आंकड्यांपुढें कोणाचीहि भीड न धरणारा दुसरा, अशी ती जोडी होती. आजच्या कंपन्यांत पहिल्या प्रकारचे लोक सांपडतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसास मात्र संचालक मंडळांत घेण्याचें टाळलें जातें, कारण तो सभेंत प्रश्न विचारतो.

दप्तर उघडें करा म्हटलें कीं संचालकांकडून एक आक्षेप हमखास येतो : विक्रीचे दर सर्व सभासदांस कळविले तर ते व्यापाऱ्यांस कळतील व कंपनीचें नुकसान होईल. सौदा ठरत असतां गुप्तता राखावी हें आम्हांस मान्य आहे. पण गाडी रवाना होऊन पैसे जमा झाल्यावर गुप्त काय उरतें? ज्यानें माल घेतला त्यास दर ठाऊकच आहे, आणि त्याच्या शेजारच्या पेढीसहि तो संध्याकाळपर्यंत कळतो. राहतो तो फक्त ज्याचा माल होता तो सभासद. पैसे जमा झाल्यापासून आठ दिवसांच्या आंत सौद्याचा दर, वाहतूक, हमाली, तोलाई, कंपनीची कपात व सभासदास पडलेली रक्कम हे आंकडे फळ्यावर आणि मोबाईलवर लागावेत, असा ठराव येत्या वार्षिक सभेंत कोणाहि सभासदानें मांडावा. तो कोण हाणून पाडतो हेंहि त्याच सभेंत दिसेल.