प्रोजेक्ट कुणाचा, मार्क कुणाला?

मैत्रिणींनो, अगदी खरं सांगा. मुलाच्या शाळेचा शेवटचा प्रोजेक्ट तुमच्या घरात कुणी केला? रात्री मागचं सगळं आवरून अकरा वाजता डिंकाची बाटली घेऊन बसलेली बाई तुम्हीच ना? लाजू नका, मीही त्यातलीच. आमच्या मुलुंडच्या घरी ‘पाणी वाचवा’चा तक्ता मीच रंगवला, आणि चिरंजीव शेजारी गाढ झोपले होते.

पण घाटकोपरच्या एका शाळेत मी सकाळचे चार तास शिकवायलाही जाते. त्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजूही मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी आठवीला मी ‘घरातला विजेचा वापर’ असा विषय दिला. रंगीत फायली आल्या, छापील चित्रं आली. एकीने तर दिवे लागणारं पुठ्ठ्याचं घर आणलं. असल्फ्याच्या डोंगरावर राहणाऱ्या एका मुलीने मात्र वहीचे दोन कागद टाचून दिले, तेही पेन्सिलीने लिहिलेले, खाडाखोड केलेले. घराला मी दहापैकी दहा दिले नि कागदांना पाच.

दुसऱ्या दिवशी ती टेबलाशी येऊन उभी राहिली. “बाई, माझं चुकलं कुठे?”

मी कागद पुन्हा वाचले. खरं म्हणजे पहिल्यांदाच वाचले. सात दिवस रोज संध्याकाळी सातला तिने जिन्याखालच्या मीटरचा आकडा उतरवला होता आणि आदल्या दिवशीचा आकडा त्यातून वजा केला होता. रविवारपुढे लिहिलं होतं, ‘२ युनिट जास्त. आई शेजारच्यांचे कपडे इस्त्री करते.’ खाली इस्त्रीचे पैसे किती येतात आणि विजेला किती जातात, याचा हिशेब. मग मी पुठ्ठ्याच्या घरवालीला हाक मारली. “युनिट म्हणजे काय गं?” ती मान खाली घालून म्हणाली, “बाई, ते मम्मीला माहीत आहे.”

मम्मीला तरी माहीत असेल का, कोण जाणे! म्हणून इथेच सांगून टाकते. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. दोन हजार वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. पंचाहत्तर वॅटचा पंखा तेवढ्याच विजेत तेरा तास फिरतो. आपण मात्र पंख्याच्या बटणावरून पोरांना ओरडत असतो!

आपल्या राज्यात २०१० साली पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रकल्पाला, तोंडी कामाला मार्क आले ते एकाच पेपरवर पोराची पारख होऊ नये म्हणून. आपण आयांनी त्याची आपापसांत चढाओढ करून टाकली, आणि माझ्यासारख्या बाईंनी सुबक अक्षराला भुलून तिला मार्क दिले.

हाताने करून शिकणं म्हणजे काय, ते डॉ. श्रीनाथ कलबागांनी दाखवलं. अंधेरीला हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून ते पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम काढला. तिथे मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती करता करता शास्त्र शिकतात. आपल्याला पाबळला जायला नको. मीटर जिन्याखालीच आहे.

आणि मोबाइल? तो हातात दिला की पोर बिघडलंच, असं मला वाटत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवून त्याच मोबाइलवर धडे पोचवले. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तर त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली. बालभारतीच्या पुस्तकातला तो चौकोन मुलाबरोबर एकदा उघडून तर पाहा. मीटरचा रोज एक फोटो काढला तरी हिशेबाला पुरावा होतो. वीजबिलही मुलाच्या हाती द्या, मागच्या बाजूसकट.

शाळेत आता मी प्रोजेक्ट बघण्याआधी तीनच प्रश्न विचारते. तू काय पाहिलंस? कुठे अडलीस? परत केलंस तर काय बदलशील? निम्मे मार्क त्या उत्तरांना. तुम्हीही घरी हेच विचारा, आणि कात्री, डिंक मुलाच्या हातात ठेवून स्वयंपाकघरात निघून जा. चिकटवलेलं वाकडं झालं तर होऊ द्या.

त्या मुलीचे पाच खोडून मी नऊ केले आणि शेजारी सही केली. एक मार्क बेरजेतल्या चुकीचा कापला. तो तिने मान्य केला.

गेल्या महिन्यात आमच्या चिरंजीवांनी ‘आमच्या गल्लीतला कचरा’ हा तक्ता एकट्याने केला. ‘ओला’चा काना चुकून ‘ओली’ झालं होतं. ते मला दिसत होतं आणि हात शिवशिवत होते. ह्यांनी डोळ्यांनीच दटावलं. सहा मार्क मिळाले. तो खूश होता. मला मात्र त्या रात्री झोप जरा उशिराच लागली.