एक संगणक, चार दारे

आपल्या पाल्याची कोणती माहिती शाळेच्या कार्यालयातील संगणकात साठवलेली असते, याचा विचार पालकांनी क्वचितच केला असेल. जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, बँक खात्यांचे क्रमांक, निकालपत्रके असे सारे काही तेथे असते. आमच्या पाहण्यातील अनेक निवासी शाळांत मात्र कार्यालय, संगणक कक्ष आणि वसतिगृह एकाच जाळ्यावर जोडलेले आहेत. एखाद्या पेनड्राइव्हमधून कक्षात शिरलेल्या व्हायरसला कार्यालयापर्यंत पोहोचण्यास मग फारसा अडसर उरत नाही.

ही वाट रोखण्यासाठी महागडे यंत्रच हवे, हा समज आम्हांस मान्य नाही. राउटर हा मुळात संगणकच होय. सन १९६९ मध्ये अमेरिकेत अर्पानेट सुरू झाले, तेव्हा प्रत्येक ठिकाणी हनीवेल कंपनीचा एक लघुसंगणक वाटाड्याचे काम करीत असे. पुढे १९८६ मध्ये एनएसएफनेट उभे राहिले, तेही डेव्हिड मिल्स यांची प्रणाली चालवणाऱ्या पीडीपी-११ कुळातील संगणकांवर.

शाळेच्या अडगळीत पडलेला जुना संगणकही हे काम करू शकतो. त्यात चार नेटवर्क कार्डे बसवावीत. पहिले बाहेरच्या इंटरनेटसाठी, दुसरे कार्यालयासाठी, तिसरे संगणक कक्षासाठी आणि चौथे वसतिगृहासाठी. आतील प्रत्येक कार्डापुढे स्वतंत्र स्विच असावा आणि प्रत्येक विभागाची पत्त्यांची मालिका वेगळी असावी. दोन कार्डांना एकच मालिका दिली, तर उत्तर कोणत्या दाराने पाठवावे याबाबत गोंधळ उडतो. मदरबोर्डवर पुरेसे स्लॉट नसतील, तर चार जोडण्यांचे एकच कार्डही मिळते. लिनक्स ही मोफत प्रणाली या कामास पुरेशी आहे.

मात्र कार्डे बसवली म्हणजे संरक्षण झाले, असे नाही. एका कार्डावर आलेला संदेश दुसऱ्याकडे धाडण्याची मुभा लिनक्समध्ये सहसा आरंभी बंद असते. ती नुसती उघडली, तर सर्वांना सर्वत्र वाट मिळते. कोणी कोठे जावे, हे फायरवॉलच्या नियमांत एकेक ओळ लिहून ठरवावे लागते. आमचा खरा आग्रह येथेच आहे. भिंतींचा इतिहास आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको. म्हणूनच भिंत उभारताना ती कोणासाठी आणि कशासाठी, हे आपण विचारले पाहिजे. वसतिगृहातील मुलामुलींना ज्ञानाची वाट मोकळी असावी. कार्यालयाचे दार बंद असावे ते त्यांचीच कागदपत्रे जपण्यासाठी. या नियमांची यादी मराठीत लिहून संगणक कक्षात लावावी. मुलांनी ती वाचावी, त्यावर प्रश्न विचारावेत. पासवर्ड गुप्त राहावा, नियम नकोत.

जुना संगणक तयार राउटरपेक्षा वीज अधिक खातो, वीज गेली तर त्याला यूपीएस लागतो, आणि तो बंद पडला की साऱ्या शाळेचे जाळे ठप्प होते, असे आक्षेप घेतले जातील. ते खरे आहेत. त्यासाठी तसाच दुसरा संगणक सज्ज ठेवावा आणि नियमांची प्रत जपून ठेवावी. एवढा व्याप करूनही आम्ही हा मार्ग सुचवितो, कारण बंद डब्याच्या आत काय चालते हे विद्यार्थ्याला दिसत नाही. झाकण काढलेल्या संगणकात मात्र कोणती तार कोठून आली आणि कोठे गेली, हे नववीतील मुलगीही बोट ठेवून सांगू शकते.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आज संगणक क्षेत्रात आहेत. त्यांच्याकडे आमचे मागणे मोठे नाही. घरात पडून असलेले एखादे नेटवर्क कार्ड आणि वर्षातला एक रविवार त्यांनी शाळेला द्यावा. मात्र त्या दिवशी पेचकस विद्यार्थ्यांच्या हाती असू द्यावा.