तंबूतले सूर आणि आमचे सोवळे

भाऊबीज उलटली की आमच्या कुरखेड्याच्या बाजूला मंडईचे दिवस येतात आणि वडशाच्या नाटक मंडळ्यांच्या गाड्या गावोगाव धावू लागतात. नेमके तेव्हाच शहरातले पाहुणे फराळाला येतात. गेल्या साली असेच एक गृहस्थ चकलीचा तुकडा मोडत मला म्हणाले, "तुमच्या नाटकातला तो ऑर्गनवाला हात बरा चालवतो हो, पण ते काही संगीत नव्हे. तंबूतले वादन ते!" मी हसून चहा पुढे केला. ती माझी चूक झाली. उत्तर आज देतो.

ग्यॉर्गी त्सिफ्रा हा १९२१ साली बुडापेस्टला एका वादकाच्या दरिद्री घरात जन्मला. पाचव्या वर्षी तो सर्कशीत पियानो वाजवीत होता. प्रेक्षकांनी चाल सांगावी, पोराने ती जागच्या जागी फुलवावी. युद्ध आले, सैन्यात जावे लागले. पुढे दारूच्या गुत्त्यांतून वाजवून त्याने पोट भरले. १९५० साली देश सोडताना पकडला गेला आणि १९५३ पर्यंत त्याच बोटांनी त्याला सक्तमजुरी करावी लागली. १९५६ च्या ऑक्टोबरात बुडापेस्टला त्याने बार्टोकचा अवघड दुसरा कॉन्चेर्टो वाजवला. लगेच उठाव झाला, तो देशाबाहेर पडला आणि पॅरिसने त्याला डोक्यावर घेतले. तेथेही काही समीक्षकांनी नाक मुरडलेच: हा सर्कशीतला! आता सांगा, त्याची ती उत्स्फूर्त करामत आली कोठून? तंबूतूनच ना?

कोणी म्हणेल, पियानोची गोष्ट वेगळी. पेटीवर मींड निघत नाही. कबूल. मींड पियानोवरही निघत नाही! याच सोवळ्यापायी रेडिओने १९४० साली पेटीला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत. त्याच पेटीसाठी गोव्याच्या तुळशीदास बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. आणि आमच्याच तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे, ज्यांनी झाडीपट्टीच्या रंगभूमीवर हजारो प्रयोग केले, त्यांना २०२३ साली. तेव्हा कोठे आमच्या शिकलेल्या मंडळींना कळले की रात्र जागवणे हीही विद्या आहे.

आमच्या नाटकांत सवंगपणा नाही, असे मी म्हणत नाही. पुष्कळ आहे. पण भरड धान्यात खडे निघाले म्हणून कोणी पोते फेकून देत नाही. सुपात घेऊन पाखडतो. पाखडण्यासाठी आधी बसावे लागते. आमचे टीकाकार बसतच नाहीत.

त्यांना दोष देताना माझेही घर काचेचेच. माझा भाचा ऑर्गनसाठी हट्ट धरून बसला होता. "पेटी बडवून पोट भरते काय रे?" असे म्हणून मी त्याला कॉम्प्युटरच्या क्लासला घातले. तो आज सुखात आहे. पण घरी आला की जेवताना ताटाच्या कडेवर त्याची बोटे चालू असतात, आणि मी मान वर करीत नाही.

वाचकहो, यंदा मंडईला या. पुढच्या खुर्च्या सोडा, ऑर्गनजवळ सतरंजीवर बसा. नट वाक्य विसरला की तो माणूस चार सुरांत प्रसंग कसा सावरून धरतो, ते पाहा. पहाटेपर्यंत ऐका, मग खुशाल नावे ठेवा. आणि घरातले पोर पेटीकडे वळले, तर माझ्यासारखे करू नका.