दहा गुणांचे संगणकीय लेखन

काही वर्षांपूर्वी पदवी परीक्षेच्या मराठीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक प्रश्न वारंवार डोळ्यांखालून गेला : 'संकेतस्थळासाठी लेखन करताना घ्यावयाची काळजी सविस्तर लिहा.' गुण दहा. विद्यार्थ्यांनी तो आखीव कागदावर निळ्या शाईने सोडवला होता. बहुतेकांचे मुद्दे एकाच मार्गदर्शकातले, क्रमही तोच : भाषा सोपी हवी, परिच्छेद लहान हवेत, शीर्षक आकर्षक हवे. त्यांतल्या कितीजणांनी संकेतस्थळासाठी एक ओळ तरी लिहिली असेल, हे उत्तरपत्रिकेवरून कळण्याची सोय नव्हती. मी मुद्दे मोजले आणि गुण दिले. हे निमूटपणे करणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर या विषयाला 'कौशल्य' म्हणून दोन-दोन श्रेयांकांची जागा मिळू लागली. जागा मिळाली हे चांगलेच झाले. पण कौशल्य म्हटले की ते साहित्यापासून वेगळे, काहीसे खालच्या पंक्तीचे, आणि शक्य तर संगणक विभागातल्या कोणीतरी शिकवावे असे, ही समजूत आमच्या मराठी विभागांत घट्ट बसलेली आहे. माझा आक्षेप तिच्यावर आहे. संगणकावर आणि फोनवर मराठी लिहिणे-वाचणे शिकवायचे असेल, तर त्यासाठी लागणारी विद्या आपल्याच कपाटात पडून आहे. तिचे नाव पाठचिकित्सा. एम. ए.ला तिच्यावर एखादी टीप विचारली जाते आणि निकालाबरोबर ती विसरली जाते.

एक साधा उपक्रम दिला होता. पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांच्या नावाने फोनवर फिरणारा एखादा मजकूर घ्यायचा आणि तो खरोखर त्यांचा आहे का, ते शोधायचे. मुदत तीन आठवडे. आमच्याकडे संगणक मोजके, फोन मात्र प्रत्येकाच्या हातात. तेव्हा सामग्रीची वाण नव्हती. एका गटाने पु. लं.च्या नावावरचा, म्हातारपणाविषयीचा एक भावुक मजकूर निवडला आणि पहिल्याच आठवड्यात निकाल आणला : 'हा मजकूर पु. लं.चा नाही.' मी विचारले, कशावरून? म्हणाले, पुस्तकांत सापडला नाही. किती पुस्तकांत? पाच. ग्रंथालयात तेवढीच होती.

पु. लं.ची पुस्तके पाचाहून कितीतरी अधिक. शिवाय भाषणे, प्रस्तावना, पत्रे, ध्वनिमुद्रणे. मी म्हटले, तुमचे वाक्य असे हवे : 'आम्ही पाहिलेल्या पाच पुस्तकांत हा मजकूर आढळला नाही.' यावर त्यांतली एक मुलगी जरा नाराजीनेच म्हणाली, "सर, असं लिहिलं तर आम्ही काहीच केलं नाही असं वाटेल." मला ही तक्रार फार मोलाची वाटते. 'आढळले नाही' आणि 'नाही' यांतले अंतर आपण विद्यार्थ्यांना कधी शिकवलेलेच नसते. ठाम वाक्याला गुण मिळतात, हे मात्र शाळेपासून शिकवलेले असते. फोनवरचा मजकूरही ठामपणाच्याच जोरावर फिरतो.

दुसऱ्या आठवड्यात त्याच मुलीने मजकुरातल्या 'सेल्फी' या शब्दावर बोट ठेवले. पु. ल. जून २००० मध्ये गेले; हा शब्द मराठीत रुळला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. गट खूश झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने शंका काढली : मूळ मजकूर जुना असेल आणि ती ओळ कोणीतरी मागाहून घातली असेल तर? त्या मुलाला 'प्रक्षेप' हा शब्द ठाऊक नव्हता. प्रश्न मात्र नेमका तोच होता.

त्या तासाला मी नेमलेला धडा बाजूला ठेवला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले, ते का, हे आता वेगळे समजवावे लागले नाही. 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत गेल्यावर अनुयायांनी आठवणींतून ते पुन्हा सिद्ध केले. वेगळा पाठ मिळाला की महानुभाव लिपिकार तो पुसून न टाकता 'वासना' म्हणून नोंदवून ठेवत. मुलांनी मग घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या फोनवरून त्या मजकुराच्या अकरा प्रती जमवल्या. 'सेल्फी'ची ओळ सातांतच होती. दोन प्रतींत लेखकाचे नावच नव्हते, एकीत ते व. पुं.चे होते. पाठभेदांचा तक्ता त्यांनी स्वतः आखला. पुढे मराठी विकिपीडियावरच्या एका लेखाचा इतिहास दाखवणारे पान उघडले, तेव्हा कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला हे वाचण्याची नजर त्यांना आलेली होती. २००३ पासून चालू असलेल्या या ज्ञानकोशाकडे आपण 'तिथून उतरवू नका' एवढ्याच सूचनेने पाहतो. त्याच्या पोटात संपादनाची केवढी शाळा आहे!

अक्षरांचेही तसेच. 'दऱ्या' हा शब्द युनिकोडमध्ये दोन रीतींनी टंकता येतो : 'ऱ' हे स्वतंत्र वर्णचिन्ह घेऊन, किंवा साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला मात्र ते वेगळे, त्यामुळे एक शोधताना दुसरा निसटू शकतो. आणि हे काहीच न करता लिहिले तर 'दर्या' होतो, डोंगराऐवजी आपण समुद्रात उतरतो. हे सांगायला वर्णव्यवस्था जाणणारा मराठीचाच शिक्षक हवा. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेले आमच्या विभागाचे जुने नियतकालिक आज उघडले तर रोमी अक्षरांचा चिवडा दिसतो, ही आमच्याच अडाणीपणाची किंमत. मुले रोमी लिपीत मराठी लिहितात म्हणून गळा काढणाऱ्यांनी ती धारिका एकदा पाहावी. मला त्या रोमी मराठीची फारशी भीती वाटत नाही; तिथे निदान लिहिणारा आपले बोलणे लिहीत असतो.

आता चॅटजीपीटीसारख्या यंत्रांकडून लिहून आणलेले गृहपाठ येतात. भाषा गुळगुळीत, आणि मधूनच कधीही न निघालेल्या पुस्तकाचा हवाला. त्यावर बंदीचे परिपत्रक काढणे सोपे आहे. माझा अनुभव असा, की ज्या मुलांनी अकरा प्रतींचा तक्ता केला होता, त्यांनीच असा एक हवाला पकडून माझ्याकडे आणला.

त्या गटाचा अंतिम निष्कर्ष चार ओळींचा होता : पाहिलेली पुस्तके कोणती, न मिळालेली कोणती, 'सेल्फी'ची ओळ पु. लं.ची असणे शक्य नाही, उरलेल्या मजकुराविषयी सांगता येत नाही. अंतर्गत मूल्यमापनात मी वीसपैकी सतरा गुण दिले. तीन कापले, कारण अकरांपैकी चार प्रती कोणाकडून आणि केव्हा मिळाल्या, याची नोंद करायला ते विसरले होते.