नऊ सेकंद

आमच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याचा घरचा संगणक गेल्या महिन्यात बसला. फोटो उघडेनात, प्रत्येक फाइलच्या नावामागे चार अक्षरांचं एक अगम्य शेपूट लागलेलं, आणि जागोजागी पैसे मागणारी इंग्रजी चिठ्ठी. पठ्ठ्याने दुसऱ्याच दिवशी तो दुकानात नेला, फॉरमॅट करून आणला, आणि तिसऱ्या दिवशी चहा पिताना मला ही हकीकत सांगितली. मी कपाळाला हात लावला. "अरे, आधी विचारायचं तरी!" तो म्हणाला, "तुला काय कळतं त्यातलं?"

खरं आहे. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला सरकारी कारकून. संगणक मला टंकलेखनापुरता कळतो. पण या एका दुखण्याशी माझी जुनी ओळख आहे. ती सुरतेत झाली.

माझी धाकटी बहीण सुरतेला दिलेली. तिचे सासरे, त्यांना सगळे अण्णा म्हणत, मूळचे अमळनेरकडचे. सुरत महापालिकेच्या मराठी शाळेत मास्तर होते. आपल्या गोव्यात सुरत म्हटलं की एकतर हिरे-कपडे आठवतात, नाहीतर 1664 ची लूट. पण भुसावळहून निघणारी गाडी नंदुरबारवरून सुरतेला येते, त्या वाटेने खानदेशातली माणसं पिढ्यान् पिढ्या यंत्रमागांवर कामाला येत राहिली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत तुम्ही फिरलात तर गुजरातपेक्षा धुळे-जळगावातच असल्यासारखं वाटेल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिथे कानबाई बसते. घरोघरी रोट होतात, रात्रभर बाया गातात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन. गाणी अहिराणीत. बहुतेक कुठे छापलेली नाहीत.

अण्णांनी ही गाणी टिपून घ्यायला सुरुवात केली ती 80 च्या दशकात. कुठल्या संस्थेने सांगितलं नव्हतं, अनुदान नव्हतं. एक टेपरेकॉर्डर आणि शाळा सुटल्यावरचा वेळ. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आया, आज्या गायच्या. प्रत्येक गाण्याच्या आधी अण्णा स्वतःच्या मास्तरी आवाजात बाईचं नाव, माहेरचं गाव आणि तारीख सांगत. मग बाई गाऊ लागे.

ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेलं पाणी तापीतून सुरतेत शिरलं आणि बहुतेक शहर त्याखाली गेलं. अण्णा तेव्हा अडाजणला तळमजल्यावर राहत होते. पाणी ओसरल्यावर घरात चिखल, आणि चिखलात कॅसेटी. साठांपैकी विसेक वाचल्या. त्या पुसून, वाळवून मेहुण्यांनी एकेक गाणं संगणकावर उतरवलं, एमपी3 करून. 43 गाणी झाली. अण्णांनी सोबत एक यादी टंकून घेतली. कुठलं गाणं, कुणाचं, कधीचं. शब्दही टंकले, श्रीलिपीत. (ज्यांनी त्या काळात मराठी टंकलंय त्यांना ठाऊक असेल, फॉन्ट हरवला की आपलीच मराठी आपल्याला हिब्रूसारखी दिसायची. ते दुखणं निराळंच, त्यावर पुन्हा केव्हातरी.) मग त्या चिखलाच्या कॅसेटी टाकून दिल्या. वासच येत होता त्यांना. आता सगळं संगणकात आहे म्हणून घर निर्धास्त झालं. 2013 साली अण्णा गेले.

इथे माझं पहिलं भांडण आहे. संगणकात ठेवलं की जपलं, ही समजूत आपल्यात कुठून आली कोण जाणे. पुराला भिऊन आपण वस्तू माळ्यावर ठेवतो, तसं अण्णांच्या घरच्यांनी सगळं त्या एका डबड्यात ठेवलं. प्रत एकच राहिली, फक्त जागा बदलली.

2019 ची भाऊबीज 29 ऑक्टोबरला होती. मी रजा काढून सुरतेला गेलो. दारातच बहीण म्हणाली, "दादा, सुरत परत लुटली रे." मला वाटलं घरी चोरी झाली. झालं होतं असं : भाच्याला दिवाळीच्या सुट्टीत व्हिडिओ जोडायचं एक महागडं सॉफ्टवेअर हवं होतं. त्याने त्याचा 'क्रॅक' उतरवून घेतला. सोबतच्या सूचनेत लिहिलं होतं, बसवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. त्याने केला. 1664 मध्ये सुरतेचा सुभेदार इनायतखान निदान किल्ल्यात जाऊन दडून बसला होता. इथे आम्ही पहारेकऱ्यालाच रजा दिली! थोड्या वेळाने पडद्यावर विंडोज अपडेट होत असल्याची खिडकी आली. पोराने म्हटलं होऊ दे, आणि तो फटाके उडवायला गेला. ती खिडकी खोटी होती. तिच्याआड एकेक फाइल कुलूपबंद होत होती.

चिठ्ठीत मागणी होती 980 डॉलरची. 72 तासांत दिलेत तर निम्मे, 490. म्हणजे तेव्हाचे पस्तीसेक हजार रुपये. दिवाळीची सूट चोरही देतात.

मेहुणे पैसे द्यायला तयार झाले होते. वडिलांची गाणी होती, त्यांचं मी चुकीचं म्हणत नाही. मी नको म्हटलं ते तत्त्व म्हणून नव्हे. घाबरून पैसे देणाऱ्याकडे दुसऱ्यांदाही मागतात, हे सरकारी नोकरीत वेगळं शिकवावं लागत नाही. जवळच्या दुकानदाराने फोनवरच निकाल दिला होता, "डेटा गया, फॉरमॅट करवा लो." त्याचाही दोष नाही, त्याचा धंदा मशिन चालू करून देण्याचा. पण तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं एक ऐका : फॉरमॅट करू नका. इंटरनेटची वायर काढा, ती हार्डडिस्क काढून बाजूला ठेवा आणि नवी घालून संगणक सुरू करा. कुलूप आज उघडलं नाही म्हणजे कधीच उघडणार नाही असं नसतं. पेटीच जाळून टाकल्यावर मात्र पुढे कुणी किल्ली आणून दिली तरी काय करणार?

या रोगाचं नाव स्टॉप, किंवा डीजेव्हीयू. जगभर घरगुती संगणकांना याने छळलं, आणि बहुतेक ठिकाणी शिरला तो अशाच फुकट्या क्रॅकमधून. बाधित संगणकावर मदतीच्या साइटी उघडत नव्हत्या, कारण त्यांचे रस्ते त्याने आधीच अडवले होते. मग मी मोबाइलवर वाचत बसलो. योगायोगाने त्याच महिन्यात एम्सीसॉफ्ट नावाच्या कंपनीने याच्या 148 प्रकारांवर चालणारी मोफत किल्ली काढली होती. आम्हाला आनंदाचं भरतं आलं. पण ऑगस्टपासून चोरांनी कुलूप बदललं होतं. नव्या प्रकारात बाधेच्या वेळी इंटरनेट चालू असलं तर प्रत्येक संगणकाला निराळी किल्ली, आणि ती फक्त चोरांकडे. इंटरनेट बंद असलं तर सर्वांना एकच, तिथे काही आशा. हे ओळखायची खूण म्हणजे चिठ्ठीतल्या क्रमांकाची शेवटची अक्षरं टी आणि 1 आहेत का. आमची नव्हती.

सोबत पासवर्ड चोरणारा एक भुरटाही हा पाहुणा आणतो, म्हणून सगळे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलले. लग्नाचे, बारशाचे फोटो दोन दिवसांत परत मिळाले. कसे? नाशिकच्या नणंदेकडे, जळगावच्या काकांकडे, कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलमध्ये ते होतेच. गाणी मात्र कुणाकडेच नव्हती. जुनी हार्डडिस्क फडक्यात गुंडाळून माईंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, देवघराखालच्या कप्प्यात ठेवली.

2021 मध्ये भाच्याचा फोन आला. तोवर त्याने अपराधी भावनेने या विषयाचा पिच्छाच पुरवला होता. त्याने सांगितलं ते मला तरी अद्भुत वाटलं. हा चोर घाईत असतो. अख्खी फाइल कुलूपबंद करत बसत नाही, प्रत्येक फाइलचे फक्त पहिले दीडशे केबी बिघडवतो. पुढचं सगळं जसंच्या तसं असतं! दीडशे केबीपेक्षा छोटी फाइल पूर्ण गेली. पण गाण्याची फाइल तीन-चार एमबीची. बिघडलेला तुकडा कापून बाकीचं वाजतं करणारं मीडिया रिपेअर नावाचं एक मोफत साधन कुणा भल्या माणसाने काढलं होतं. त्याने ते चालवलं. 43 च्या 43 गाणी वाजली.

फक्त प्रत्येकाचे पहिले साडेनऊ सेकंद गेले. हिशेब सोपा आहे. त्या दर्जाच्या एमपी3 मध्ये एका सेकंदाला सोळा हजार बाइट लागतात.

आणि त्या साडेनऊ सेकंदांतच अण्णा होते. बाईचं नाव, गाव, तारीख. नावांची टंकलेली यादी चाळीस केबीची, म्हणजे तीही गेली. गाणी आली आणि गाणाऱ्या बाया गेल्या.

मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो. आमच्या गोव्याचा दफ्तरखाना 1595 मध्ये सुरू झाला आणि त्याचा पहिला रखवालदार दियोगु दु कोतु. पोर्तुगीज भारताचा इतिहास लिहिणारा. त्याच्या ग्रंथाचा सहावा भाग लिस्बनच्या छापखान्यात आगीत गेला, सातव्याचं हस्तलिखित समुद्रात इंग्रजांनी जहाजासकट पळवलं, आठवा-नववा तो आजारी असताना चोरीला गेला. दफ्तरखान्याच्या मालकाची ही गत! म्हाताऱ्याने आठवून आठवून पुन्हा लिहून काढलं, जमेल तेवढं, सारांशाने. उलट फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण पाहा. आपल्या मराठीतलं, 1616 मध्ये रायतूरला छापलेलं, नंतर 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा. या तिन्ही छापील आवृत्त्यांची आज एकही प्रत शिल्लक नाही. तरी ग्रंथ आपल्या हाती आहे, कारण भाविकांनी तो हाताने उतरवून घेतला होता, घरोघर. त्या नकलांवरूनच 1907 मध्ये सालढाणांनी मंगळूरला तो छापला.

आम्हा कारकुनांना नकला काढणारे म्हणून हिणवतात. हिणवोत. पण अण्णांच्या कामातली चूक मला इथेच दिसते, आणि थोर माणसाची असली तरी ती म्हटलीच पाहिजे. वीस वर्षं ज्या बायांची गाणी त्यांनी घेतली, त्यांच्यापैकी बहुतेकींना त्याची प्रत मिळाली नाही. मागितली नाही म्हणून दिली नाही. तिच्या गाण्याची एकेक कॅसेट तिच्या घरी असती तर पुराने आणि चोराने मिळूनसुद्धा काय बिघडवलं असतं? आपल्याकडे लोकगीतं गोळा करणारे पुष्कळ झाले. गोळा केलेलं परत पोचवणारे किती?

पुढचं काम माईंनी केलं. माई कधी शाळेत गेल्या नाहीत. भाच्याने एकेक गाणं लावायचं आणि माईंनी डोळे मिटून ऐकायचं. दोन ओळी झाल्या की म्हणायच्या, "हाई नंदुरबारनी शे." मग कुणाची सून, कुठल्या गल्लीत राहायची, नवरा कुठल्या कारखान्यात होता, सगळं. काही ठिकाणी त्या अडल्या. तेव्हा भाचा मोबाइलवर गाणी घेऊन लिंबायतला, उधन्याला गेला. एका घरात नातीने आजीचा आवाज ओळखला. आजी कोविडात गेली होती. त्या पोरीने गाणं तिथल्या तिथे स्वतःच्या मोबाइलमध्ये घेतलं आणि रात्रीपर्यंत ते पारोळा, शिरपूर, पुणे, कुठे कुठे पोचलं. आता त्याची मोजदाद आमच्याकडे नाही. नसलेलीच बरी.

असंच फिरताना नंदुरबारच्या एका घरातून एक कॅसेट निघाली. कधीतरी हट्टाने मागून घेतलेली. तिच्यात गाणं पहिल्यापासून आहे. सुरुवातीला खाकरून अण्णा बोलतात, मागे कुठेतरी कुकरची शिट्टी वाजते. भाच्याने ती माईंना ऐकवली. त्यांनी गाणं सुरू झाल्याबरोबर थांबवायला सांगितलं आणि म्हणाल्या, परत लाव.

43 पैकी 29 बायांची नावं लागली आहेत. ती यादी वहीत शाईने लिहिली आहे आणि तिची एक नक्कल इथे माझ्याकडे, माझ्याच अक्षरात. चौदा आवाज राहिलेत. येत्या श्रावणात कानबाईच्या रात्री भाचा पुन्हा लिंबायतला जायचं म्हणतोय.