एल्लारदू ओंदे हेसरु!

गेल्या महिन्यात भाचा बंगळूरहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं घरी आला. पोह्यांची बशी हातात घेतो न घेतो, तोच ताईनं नेहमीचा प्रश्न काढला, “रात्ररात्र जागून त्या मशिनींकडे बघत बसतोस, म्हणजे करतोस तरी काय रे?” आपल्या भागातल्या किती घरांत हा प्रश्न विचारला जात असेल! मुलं हुबळी-धारवाडला शिकतात, बंगळूरला नोकरीला लागतात आणि रात्री दोनला फोन वाजला की उठून बसतात. आईला एवढंच कळतं, की सर्व्हर बंद पडला.

एरवी हा हसून विषय बदलतो. या वेळी मात्र त्यानं २००९ सालची एक रात्र सांगितली. नोकरीला लागून तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

त्याच्या ताब्यात सोलारिस यंत्रणेवर चालणारं एक मोठं मशीन होतं. त्यावर एकाच वेळी चाळीसेक कामं चालू असत. कुठलं बिलं तयार करणारं, कुठलं ऑर्डरी घेणारं, कुठलं नुसते निरोप पोचवणारं. चालू असलेल्या अशा प्रत्येक कामाला प्रोसेस म्हणतात आणि प्रत्येकीला एक नंबर असतो. त्या रात्री ऑर्डरी घेणारी प्रोसेस अडकली. ती बंद करून पुन्हा सुरू करायची, एवढंच काम. त्यानं ‘पीएस’ ही आज्ञा दिली. चालू असलेल्या सगळ्या प्रोसेसची यादी ती दाखवते. यादी आली, आणि चाळीसही ओळी अगदी सारख्या! प्रत्येक ओळ ‘जावा’नं सुरू होणारी, पुढे तीच लांबलचक फोल्डरांची नावं, आणि मग ओळ मधेच तुटलेली. शेजारी बसलेला बागलकोटचा सीनियर डोक्याला हात लावून म्हणाला, “एल्लारदू ओंदे हेसरु नोडप्पा!” सगळ्यांचं एकच नाव.

“रेल्वेच्या चार्टवर लांब नाव कसं अर्धंच छापतात, तसं झालं मावशी,” भाचा मला म्हणाला. आता माझं लक्ष लागलं.

त्याचं कारण असं. प्रत्येक प्रोसेसची एक छोटी नोंद यंत्रणा स्वतःजवळ ठेवते. ती सुरू करताना दिलेल्या आज्ञेसाठी सोलारिसच्या या नोंदीत ८० अक्षरांचीच जागा होती. संपूर्ण आज्ञा असते ती त्या प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीत, आणि दुसऱ्याच्या मेमरीत डोकावायची मुभा प्रोसेसच्या मालकाला किंवा मुख्य प्रशासकाला, म्हणजे ‘रूट’लाच. जावाची आज्ञा शे-दोनशे अक्षरांची सहज होते आणि कामाचं खरं नाव येतं अगदी शेवटी. साहजिकच कापलं जातं तेच.

पोराला घाई झाली. जी प्रोसेस सगळ्यात जास्त ताकद खात होती, तीच अडकलेली असणार असं धरून त्यानं ती बंद केली. ती होती महिनाअखेरची बिलं करणारी. साडेचार तासांचं काम पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

पुढचे काही दिवस तो या ८० अक्षरांच्याच मागे लागला. सोलारिसमध्ये बर्कले विद्यापीठाच्या वळणाची दुसरी एक ‘पीएस’ होती. तिला दोन ‘डब्ल्यू’ जोडले की ती थेट प्रोसेसच्या मेमरीतून पूर्ण ओळ वाचून दाखवी. ‘पी-आर्ग्ज’ ही आज्ञाही तेच करी. पण लक्ष ठेवणारा प्रोग्राम वेगळ्या, साध्या खात्यावर चाले. त्याला दुसऱ्यांच्या प्रोसेसची तुटकीच ओळ दिसणार. त्या प्रोग्रामला रूटचे अधिकार द्या म्हणून यानं अर्ज केला. साहेबांनी साफ नाही म्हटलं.

मला विचाराल तर साहेबांचं बरोबरच होतं. लोक आळसानं त्या लांब आज्ञेत पासवर्डसुद्धा लिहून ठेवतात. नुसतं लक्ष ठेवण्यासाठी सगळ्या घराच्या किल्ल्या कोण देईल?

मग उपाय निघाला तो भलताच साधा. कामाचं नाव शेवटी येतं ना? मग ते पुढे आणायचं. जावाला सुरुवातीलाच स्वतःच्या मनाची एक खूण जोडता येते. तिचा अर्थ जावाला कळला नाही तरी ती तक्रार करत नाही. ‘जावा’ या शब्दाला लागूनच बिल, ऑर्डर, निरोप अशा खुणा घातल्या. ८० अक्षरांत नाव आलं, कुणाचे अधिकार वाढवावे लागले नाहीत. शिवाय प्रत्येक प्रोसेसनं सुरू होताना आपला नंबर एका फाईलीत लिहायचा, असाही नियम केला. मात्र नंबरावर एकट्यावर भिस्त ठेवता येत नाही. जुनी प्रोसेस संपली की तोच नंबर काही काळानं दुसरीला मिळू शकतो. म्हणून सुरू झाल्याची वेळही ताडून बघायची.

पुढे लिनक्स आलं, तिथं वेगळीच गंमत. प्रोसेसच्या छोट्या नावाला तिथं १५ च अक्षरं. ‘पीग्रेप’ या आज्ञेनं त्याहून लांब नाव शोधलं तर काहीच सापडत नाही. यांच्या एका पहारेकरी प्रोग्रामला वाटलं, काम बंदच पडलं, आणि त्यानं तेच काम दुसऱ्यांदा सुरू केलं! पूर्ण आज्ञेत शोध असं ‘एफ’ जोडून सांगितल्यावर ते थांबलं. पूर्ण आज्ञेलाही लिनक्समध्ये ४०९६ अक्षरांची मर्यादा होती. ती २०१५ साली निघालेल्या ४.२ आवृत्तीत उठली.

पोहे केव्हाच गार झाले होते. ताईला अक्षरांच्या हिशेबात रस नव्हता. तिनं विचारलं, “आणि ती बिलं?”

“सकाळी साडेनऊला झाली. माझी पाळी सहालाच संपली होती, पण मी तिथंच बसून राहिलो.”

“म्हणून त्या दिवशी फोन उचलला नाहीस होय,” ताई म्हणाली, आणि बशी उचलून पोहे गरम करायला आत गेली.